जावयाचं नाव

"नाव सांगा, आजी. तुमच्या मुलीच्या नवऱ्याचं नाव."

फोन स्पीकरवर होता, उपड्या घातलेल्या बादलीवर ठेवलेला. मामलिलो चटईवर पाय लांब करून, हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा जावई दुमेझ्वेनी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, कारण व्हिसावाल्यांनी आधीच बजावलं होतं की मागून कोणी उत्तरं पुरवायची नाहीत.

"माझ्या नातीचे, नोमागुगुचे वडील," मामलिलो म्हणाल्या.

"ते कळलं. नाव काय?" दुभाष्याचा आवाज तरुण होता, कंटाळलेला.

"हदेबे."

"ते आडनाव झालं."

"बुंगाने म्हणते मी त्यांना. हदेबेंच्या कुळाचं मानाचं नाव आहे ते. त्यांची आई लुपानेची. इथे माग्वेग्वेत पिठाची गिरणी चालवतात. माझे मालक गेले तेव्हा थडग्याचा खड्डा त्यांनी खणला, भर उन्हात, कुणाला हात लावू दिला नाही. आणखी काय सांगू?"

"फक्त पहिलं नाव सांगा, आजी."

बाहेर दुमेझ्वेनीने डोळे मिटले. आता नेमकं काय होणार हे त्याला कळून चुकलं.

"ते मी घेत नाही," मामलिलो म्हणाल्या.

"म्हणजे माहीत नाही?"

"माहीत कसं नसेल, बाळा? माझ्याच अंगणात लग्न लागलं. घेत नाही म्हणाले."

पलीकडे इंग्रजीत काहीतरी बोलणं झालं. इतक्या सगळ्या बोलण्याचे दुभाष्याने दोनच शब्द केले. तेवढं इंग्रजी दुमेझ्वेनीला येत होतं. 'सांगत नाही.' मग आभार मानले गेले आणि फोन बंद झाला.

"झालं का हो?" आतून आवाज आला. "बरा बोलला पोरगा. घाईत होता जरा."

"झालं, आई," दुमेझ्वेनी दाराबाहेरूनच म्हणाला.

सासूने जावयाचं नाव घ्यायचं नाही, जावयाने सासूच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, ही त्यांच्या लोकांतली जुनी रीत. शहरात आता ती कोणी फारशी पाळत नाही. सासवा जावयांना खुशाल हाका मारतात, लग्नात त्यांच्याबरोबर नाचतातही. पण मामलिलो केझीकडच्या खेड्यातल्या. त्या नाव तर घेत नसतच, पण नावातले तुकडेही तोंडात येऊ देत नसत. त्यांच्या भाषेत दुमेझ्वेनीच्या नावात गडगडाटाचा शब्द आहे आणि देशाचाही. म्हणून पावसाळ्यात ढग गर्जले की मामलिलो म्हणायच्या, "आभाळ खोकतंय." आणि मुलगी परदेशी गेली तेव्हा शेजारणींना त्यांनी सांगितलं, "थोकोझिले पलीकडच्या मातीत गेली."

थोकोझिले गेली होती शेफील्डला, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायला-बसवायला. घर मिळालं की नवऱ्याला आणि मुलीला बोलावून घ्यायचं, असं ठरलं होतं. घर लवकर मिळालं. पुढचं काही जमेना. आधी लग्नाचा दाखला नव्या नमुन्यातला नाही म्हणून अडलं. मग दोघांचे एकत्र फोटो मागितले, आणि तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत जेव्हा जेव्हा फोटो काढला तेव्हा फोन दुमेझ्वेनीच्याच हातात होता. शेकडो फोटोंत थोकोझिले हसत होती, आणि नवरा कुठेच नव्हता. व्हिसासाठी क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो, त्या छातीच्या तपासणीसाठी तो मुलीला घेऊन हरारेला जाऊन आला. दाखला मिळाला. अर्ज रखडता रखडता त्या दाखल्याची मुदत संपून गेली.

"म्हणजे माझी फुप्फुसं शिळी झाली," तो गिरणीवर म्हणाला. बायका हसल्या. त्याला काही हसू आलं नाही.

गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायकांना तर विषयच मिळाला होता. "काय रे, अजून इथेच? तिकडे गोऱ्या म्हाताऱ्यांनी तुझ्या बायकोला ठेवून घेतलं वाटतं!" "तिकडे जाऊन करणार काय हा? त्यांचं पीठ पिशवीत मिळतं म्हणे, आयतं!" तो पट्टा चढवायचा आणि यंत्र सुरू करायचा. त्या घरघरीत कुणाचं काही ऐकू येत नसे. पण वीज दिवसातून निम्मा वेळ नसायची, आणि वीज नसली की सगळं ऐकावं लागे.

नकाराचं पत्र फोनवरच आलं. त्याने ते अंगणात उभ्या उभ्या वाचलं. बरंच काही लिहिलं होतं, पण मधलं एक वाक्य त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. अर्जदार आपला जावई असल्याचं सांगणाऱ्या बाईला अर्जदाराचं नाव सांगता आलं नाही. सबब हे नातं खरं असल्याबद्दल शंका वाटते.

"काय म्हणतायत?" मामलिलोंनी विचारलं. त्या पाठमोऱ्या बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

"कागद कमी पडले, आई."

"आणखी कागद? एवढे कागद तर माझ्या धन्याला पुरतानासुद्धा लागले नाहीत."

त्या संध्याकाळी थोकोझिलेशी फोनवर भांडण झालं.

"आईला सांग ना, दुमे! एकदा नाव घे म्हणावं. एकदाच! मरणार आहे का ती?"

"मी सांगू? मी त्यांच्याकडे मान वर करून बघत नाही, आणि माझं नाव घ्या म्हणून सांगू?"

"मग मी सांगते."

"तू पण नाही सांगायचंस. त्यांच्यामुळे अडलं हे त्यांना कळता कामा नये."

"का? तिच्यामुळेच अडलंय!"

"थोको, त्यांनी मला मान दिला म्हणून अडलंय. मान दिल्याबद्दल त्यांना शिक्षा करायची?"

मग ती म्हणाली, "तुम्हा दोघांचा मान सांभाळता सांभाळता माझी पोरगी मोठी होऊन जाईल." आणि तिने फोन ठेवला. नंतरचे काही दिवस तिचे नुसते निरोप येत राहिले: जेवलास का, ठीक, झोपते.

त्याला संताप येई, पण काढायचा कुणावर हे कळत नसे. व्हिसावाल्यांचं तोंड दिसत नव्हतं. दुभाष्याचं नाव ठाऊक नव्हतं. बायको दमून भागून फोन करायची. आणि सासूबाई सकाळी अंधारात उठून त्याच्या आंघोळीचं पाणी चुलीवर चढवायच्या. एकदा गिरणीचा दट्ट्या अडकला तेव्हा त्याने हातोडा घेऊन तो असा काही बडवला, की दळणाला आलेली म्हातारी म्हणाली, "अरे, लोखंड आहे ते. ते काय तुझा व्हिसा अडवून बसलंय?"

बिंग फोडलं ते मेलुलीने. मेलुली हा थोकोझिलेचा थोरला भाऊ. त्याची प्रवासी गाडी होती, आणि गाडीत ओरडून ओरडून घरीही तो ओरडूनच बोलायचा. रविवारी तो जेवायला आला. मक्याच्या पिठाचा गोळा आणि कोंबडीचा रस्सा पुढ्यात घेऊन तो म्हणाला, "दाजी, आता बास झालं. माझी बहीण तिकडे रडतेय. आई, तुला कळतं का, तुझ्यामुळे अडलंय सगळं? जावयाचं नाव येत नाही म्हणालीस त्यांना! त्यांना वाटलं, हा कोणी रस्त्यावरचा माणूस धरून आणलाय."

"मेलुली!" दुमेझ्वेनी उठला.

"काय मेलुली? खोटं सांगतोय का मी?"

मामलिलोंनी आपली ताटली उचलली, नातीच्या ताटलीत स्वतःचा कोंबडीचा तुकडा ठेवला आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गिरणीवर आल्या. त्यांनी गिरणीवर यायचं काही कारण नव्हतं, घरचं दळण तोच आणायचा. तरी त्या मक्याचा डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. बायकांनी वाट दिली, पण त्यांनी रांग सोडली नाही. नंबर आल्यावर त्यांनी डबा खाली ठेवला आणि पोत्यांच्या थप्पीकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या.

दुमेझ्वेनीने यंत्र बंद केलं.

"माझ्यापासून लपवलंत, बुंगाने."

"कागदच कमी होते, आई."

"खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला, तेव्हा ते जमतही नाही." त्या पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरवत होत्या. "कुठे जायचं ते सांगा. मी येते."

"नको, आई. दुसरा काही मार्ग निघेल."

"कोणता? मेलुली सांगत होता, आणखी एकदा नाही म्हणाले तर तोवर तिकडचे नियमच बदलतील. मग माझी नात कधीच जाणार नाही." त्यांनी डबा त्याच्याकडे सरकवला. "तुम्हाला लाज आणणार आहे मी. ती पुढे मी निस्तरीन. आता दळा."

तिथून पुढे पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा हरारे, पुन्हा छाती उघडी टाकून थंडगार काचेला टेकणं, पुन्हा फोटोंचे गठ्ठे. थोकोझिलेने तिकडे गाठलेल्या वकीलबाईंनी सांगितलं की आईचं शपथपत्र हवं, पूर्ण नावासकट, आणि अर्जदाराला समोर उभं करून ओळख पटवलेली हवी.

कोर्टाच्या आवारात सकाळपासून रांग होती. मामलिलो चर्चचा पोशाख घालून आल्या होत्या, लाल झगा आणि पांढरी टोपी. दुमेझ्वेनीने लग्नातला कोट चढवला होता. तो खांद्यात घट्ट होत होता. दोघं एकाच बाकावर बसली, पण मध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून. जो तो तिथे बसायला बघे, आणि दुमेझ्वेनी प्रत्येकाला सांगे, "नाही दादा, ही जागा धरलेली आहे."

त्यांची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"साक्षीदार कोण? तुम्ही, माय? बोला. हा माणूस कोण?"

"माझ्या मुलीचे मालक."

"नाव?"

दुमेझ्वेनी पुढे झाला. "बाई, एक विनंती होती. मी बाहेर थांबलो तर चालेल का? त्या सांगतील, पण माझ्यासमोर नको."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. त्या तिथल्याच होत्या, त्यांना सगळं कळलं. "माझी आई पण अशीच होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला कळतं, हो. पण कागदाला कळत नाही. ओळख पटवायची तर माणूस समोर पाहिजे. तुम्ही दाराबाहेर गेलात तर मला शिक्का मारता येणार नाही."

"मागच्या भिंतीपाशी उभा राहू?"

"दिसला पाहिजेत, बस्स. कुठेही उभे राहा."

मामलिलो टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. रांगेतला कोणी तरी ओरडला, "आजी, लवकर! आम्हाला पण घरदार आहे!"

मग दुमेझ्वेनी मागच्या भिंतीपाशी गेला, भिंतीकडेच तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही तळव्यांनी त्याने आपले कान गच्च झाकून घेतले, लहान पोरं वीज चमकल्यावर झाकतात तसे. काखेत कोट उसवला. मागे हशा पिकला असावा. तो त्याला ऐकू आला नाही. कानात फक्त स्वतःच्या रक्ताची घरघर होती, त्याच्या गिरणीसारखी. ती थांबू नये म्हणून त्याने हात आणखी दाबले. समोर भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता, आणि तो त्या पोपड्यांकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने जरा मान वळवली, तेव्हा बाईंचा हात वर गेलेला दिसला आणि शिक्का आवाज न करता कागदावर पडला.

बाहेर आल्यावर मामलिलो थेट आवारातल्या नळापाशी गेल्या. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि बाजूला थुंकलं. पुन्हा घेतलं. दुमेझ्वेनी त्यांची पिशवी धरून पाठमोरा उभा राहिला. नळ बंद झाल्याचा आवाज आल्यावर तो म्हणाला, "आई, मला काही ऐकू आलं नाही."

"ठाऊक आहे," मामलिलो म्हणाल्या. "म्हणून तर सांगू शकले."

व्हिसा आला. बापाचाही आला आणि मुलीचाही. जायच्या दिवशी मामलिलो बस थांब्यावर आल्या नाहीत. त्यांनी भाजलेले शेंगदाणे आणि मोपानीच्या झाडावरच्या, तिकडे आवडीने खातात त्या वाळवलेल्या अळ्यांची पुडी बांधून दिली आणि नातीच्या गालाला गाल लावला. मग आत जाऊन दार लोटून घेतलं. गिरणी मेलुलीच्या ओळखीतल्या कुणीतरी चालवायला घेतली.

शेफील्डमध्ये दुमेझ्वेनी एका गोदामात खोकी रचतो. नोमागुगु आता झोपेत इंग्रजी बोलते. रविवारी दुपारी थोकोझिले टेबलावर फोन उभा करून आईला व्हिडिओ लावते. जावई खोलीत आहे असं कळलं, की मामलिलो तिकडे आपला फोन फिरवून खिडकीत ठेवतात, अंगणाकडे तोंड करून. मग पडद्यावर त्या दिसत नाहीत. फक्त अंगण दिसतं.

"दुमे, तू जरा आत जा ना," थोकोझिले वैतागून म्हणते. "मला आईचा चेहरा बघायचाय."

"जातो," तो म्हणतो. "थोडा वेळ बसू दे."

झाडलेल्या लाल मातीवर खराट्याच्या रेघा दिसतात. वाळत घातलेला झगा हलतो. कुठून तरी, पडद्याच्या बाहेरून, आवाज येतो, "बुंगाने जेवले का ग?"

"जेवले, आई."

मग कडेने एक सुरकुतलेला हात येतो, मक्याचे दाणे फेकतो आणि मागे जातो. कोंबड्या धावत येतात. दुमेझ्वेनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतो आणि बाहेरून आल्यापासून अंगावरच असलेल्या कोटाची बटणंही न काढता बघत बसतो.