टेकडीवर आधी कोण आलं

ओलांगची आई गुरुवारी गेली. शुक्रवारी सकाळी रापुदोनं तिची कबर खणणाऱ्यांना थांबवलं.

"उपऱ्यांनी राहावं, पिकवावं, खावं. पण एकदा माणूस पुरलं की जमीन त्यांची झाली समजा," तो म्हणाला.

रापुदो आमच्या कारोम्बे कुळाच्या समितीचा अध्यक्ष. ओलांगचं घराणं टेकडीवर कधीपासून आहे हे कुणी विचारत नसे. ते उपरे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ओलांगच्या बापालाही आजोळी नेऊन पुरलं होतं.

मी शाळेत शिकवते, म्हणून कुळाचा इतिहास लिहायचं काम समितीनं माझ्या गळ्यात घातलेलं. माझे चुलत आजोबा ओग्वेदी यांना चौदा पिढ्यांची नावं तोंडपाठ. आमचा मूळपुरुष रोम्बे गुरं घेऊन उत्तरेकडून नदीच्या काठाकाठानं निघाला, दलदल ओलांडून या ओसाड टेकडीवर आला, त्याचा मुलगा गोर आणि गोरपासून आपण सगळे. लहानपणापासून मी हेच ऐकत आलेय.

दुपारी उंबराखाली बैठक बसली. ओलांग एका कडेला, हातात टोपी धरून उभा.

"आजोबा, टेकडी कुणाची ते सांगून टाका एकदा," रापुदो म्हणाला. "अदोयो, तू लिहून घे."

आजोबा स्वतःपासून मागे मागे नावं घेत गोरपर्यंत आले आणि थांबले. इतका वेळ थांबले, की विसरले असं वाटून मी हळूच म्हटलं, "गोर, रोम्बेचा मुलगा."

"रोम्बेला मुलगा नव्हता गं, पोरी."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

"दोन मुली होत्या. दलदलीपाशी देवीची साथ आली तेव्हा वाटेत एक पोर सापडलं, मेलेल्या माणसांमध्ये रडत बसलेलं. कुणाचं, कुठल्या कुळाचं, देव जाणे. थोरलीनं ते पाठीशी बांधलं. तो गोर. आणि टेकडी ओसाड नव्हती. इथं ओसेवे नावाचा माणूस राहत होता. आपली गुरं वाटेतच मेली होती. त्यानं गोरला कुदळ दिली, पेरायला ज्वारी दिली, बायकोही त्याच्याच घरातली." आजोबांनी ओलांगकडे हात केला. "हे ओसेवेचे."

रापुदो ताडकन उठला. "म्हणजे उपरे आम्ही? म्हातारपणी काहीही बरळू नका! इतकी वर्षं का नाही बोललात?"

"बापानं सांगितलं होतं, गरज पडेल तेव्हा सांग. गरज तर ओलांगच्या बापाच्या वेळीही होती. तेव्हा तोंड उघडलं नाही. मोठ्या घरचे म्हणवून घ्यायला मलाही गोड वाटत होतं."

ओलांगनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "म्हणजे टेकडी आमची, आजोबा?"

"आता तू नको सुरू करूस!" आजोबा खेकसले.

तेव्हा मात्र बरेच जण हसले. बैठकीत ठराव काहीच झाला नाही. रापुदो पाय आपटत निघून गेला. पण कुदळी पुन्हा चालू झाल्या, तेव्हा त्यांना अडवायला कुणी आलं नाही. उलट आमच्यातलेच दोघे खणायला उतरले. म्हातारीला तिच्या झोपडीच्या अंगणातच पुरलं.

संध्याकाळी आजोबांना मासा वाढताना मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंत. हलकं वाटलं असेल."

"कसलं हलकं? ज्या रोम्बेला आयुष्यभर कुळाचा बाप म्हटलं, त्याला आज सगळ्यांसमोर अनोळखी करून आलो." ते काटे बाजूला काढत राहिले. "पण पोरी, ते पोर पाठीशी बांधणारी होती ना, तिचं नाव कुणीच जपलं नाही. मलाही माहीत नाही. त्याचं जास्त वाईट वाटतं."

समितीच्या पुस्तकात आजोबांच्या या हकिकतीचं पान छापलं गेलं नाही. मी ते हातानं लिहून ओलांगला नेऊन दिलं. त्याच्याकडे चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवलं. ओसेवेचं नाव आलं तसा त्यानं मला थांबवलं. त्याच्या घरात हे नाव कुणालाच माहीत नव्हतं.

"परत वाच," तो म्हणाला, आणि आत जाऊन बायकोला बोलावून आला.