उन्हात टाकलेली उशी

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात उसाचे तुरे चंदेरी होतात, फडातून भारद्वाजाचा खोल, घुमणारा आवाज येतो, आणि मला पक्ष्याआधी माझ्या वडिलांची, आबांची मान आठवते. कळंबच्या आमच्या अंगणात चहा पिताना ती अलगद त्या आवाजाकडे वळायची आणि लगेच माझ्याकडे. पोरीला दिसला की नाही, हे बघायला. भारद्वाज एकट्याने पाहण्यात त्यांना कधी गोडीच वाटली नाही.

यंदा माहेरी आले, तर अंगणात खाटेवर त्यांची उशी ऊन खात पडलेली. भारद्वाज घुमला. आबा वळले, पण खांद्यांसकट, कमरेपासून, जड कपाट सरकवावं तसे. माझ्याकडे वळलेच नाहीत.

"उशीनं मान धरलीया. उशीला ऊन लागलं की सुटंल," ते म्हणाले.

आदल्या दिवशी निमगाव केतकीच्या बाजारातून येताना ते उसाच्या ट्रॉलीमागे थांबले असता, मागून एक टेम्पो त्यांच्या गाडीवर आदळला होता, हे आईने सांगितलं. आबांनी गाडी तेवढी गॅरेजला दाखवली होती.

"लागलं ते गाडीला. मला तवा कुठं दुखत हुतं?"

मी हट्टाने त्यांना बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी हाताला मुंग्या येतात का विचारलं, बोटांची पकड पाहिली, एक्स-रे काढला. हाडं शाबूत होती. मागून धक्का बसला तेव्हा मान झटक्याने मागेपुढे गेली आणि आतले स्नायू ताणले गेले. हे दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी जागं होतं, त्या म्हणाल्या. मान कुणाकडून मोडून घ्यायची नाही, पण जपून हलवत राहायची.

"म्हंजी उशी बिचारी उगंच तापली," आबा म्हणाले. मला हसूही आलं आणि रडूही.

पुढच्या खेपेला अर्धा ऊस तुटून गेला होता. उरलेल्या फडात भारद्वाज घुमला. आबांची मान सावकाश, जरा कुरकुरत आवाजाकडे वळली आणि मग माझ्याकडे.

"दिसला का गं?"

"दिसला," मी म्हणाले. खरं तर मी त्यांच्याचकडे बघत होते.

कधीतरी हे अंगण असेल, हा आवाज असेल आणि आबा नसतील. तेव्हाही आठवणीतली ती मान आधी आवाजाकडे वळेल, आणि मग माझ्याकडे.