व्हिसाच्या फोटोतली आई

फोटो समोर नसताना तुम्हाला तुमच्या आईचा चेहरा नीट आठवतो का? मी दहा नंबरचा ब्रश बोलतोय. माझी आई कोण ते मला ठाऊक नाही, पण लोकांच्या कितीतरी आया मी रंगवल्या आहेत.

२००३ साली मिशिगनमधल्या नोव्हायच्या एका दुकानातून सुलेखाताईंनी मला कूपनवर घेतलं. त्यांचे यजमान गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी कॉलेजला गेली, घर रिकामं झालं आणि ताई लायब्ररीतल्या क्लासला जलरंग शिकल्या. मग फोटोवरून माणसं रंगवू लागल्या. माझ्या पोटात भरपूर पाणी मावतं आणि टोक केसाइतकं बारीक होतं. त्यामुळे गालही माझ्याकडे आणि पापण्याही माझ्याकडेच. याचा मला अभिमान आहे.

तिथल्या मराठी मंडळातले लोक फोटो आणून देत.

"काकू, रंग जरा उजळ घ्या हं."

"डबल चिन दाखवायलाच हवी का?"

ताई हसून मान हलवत आणि दिसेल तेच काढत. चित्र हातात आल्यावर कुणी तक्रार केली नाही.

२००७च्या डिसेंबरात यतीन आला. त्याची आई वर्षापूर्वी नागपूरला वारली होती. इकडे यायचा व्हिसा मिळाला आणि त्याच महिन्यात गेली. आता वडील, आबा, एकटेच आले होते. रविवारी वर्षश्राद्ध होतं. आईचा एकटीचा असा फोटो एकच, व्हिसासाठी काढलेला. कान उघडे, नजर समोर, हसायला बंदी.

"मोठा करून आणला तर आबांनी उलटा ठेवला," यतीन म्हणाला. "म्हणाले, ही कोण बाई? हिच्यासमोर मी बसणार नाही."

आम्ही दोन कागद रंगवले. नाक, ओठ, कपाळ, सगळं फोटोबरहुकूम. ताईंनी दोन्ही बाजूला सारले. शनिवारी त्यांनी यतीनला समोर बसवलं.

"आई रागावल्या की कशा दिसायच्या?"

"रागवायची नाही काकू, टोमणे मारायची."

"मग मार की एखादा."

यतीन लाजला. मग उशिरा घरी आलेल्या आबांकडे बघावं तशी त्याने मान तिरकी केली, एक भुवई चढवली. "आलात? आम्हाला वाटलं, ऑफिसातच बिऱ्हाड केलंत."

"हलू नकोस," ताई म्हणाल्या.

त्यांनी मला ओल्या कागदावर सोडलं. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मुलाचा चेहरा. गालावरचा तांबूस रंग मी पाण्यात पसरू दिला, भुवई एका फटक्यात उचलली. डोळ्यांतली चमक मात्र रंगवली नाही. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो.

यतीन उठून चित्रापाशी आला. "काकू, आता मला ओरडा बसणार," म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

आता माझं टोक थोडं फाकलंय. पापण्यांसाठी ताईंनी नवा ब्रश आणलाय, गाल अजून माझ्याकडेच आहेत. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आमच्यापैकी कुणाला पाण्याच्या ग्लासात डोक्यावर उभं करून फोनवर बोलत बसू नका. आमचं टोक त्यानेच जातं.

ते चित्र यतीन त्या शनिवारी संध्याकाळीच घरी घेऊन गेला. त्याने नंतर ताईंना सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरुजी यायच्या आधी, आबांनी ते जेवणाच्या टेबलासमोर लावलं आणि चित्राला हार घालू दिला नाही.