दिव्याखाली चालणारी चिप

"बंद डब्यातल्या सगळ्या मेल्या आणि ही उघडी तेवढी जिवंत? एकाच घाण्यातल्या ना या?" सूक्ष्मदर्शकाखालच्या चिपकडे बघत साहेबांनी विचारलं.

चिप तिने आखलेली. तिने हात लांब करून सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला, चिपची वीज काढून पुन्हा दिली. पडद्यावर सपाट रेघ. दिवा लावला, आणि चिपवरचा फिल्टर जागा झाला.

साहेब काय समजायचं ते समजले.

फिल्टर कानाच्या यंत्रासाठी होता. नको ते आवाज गाळायचे, कुठले गाळायचे ते ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे बदलता यायला हवं, आणि सगळं इवल्याशा बॅटरीवर. त्यापायी तिने करंटचा कण न् कण वाचवला होता. मागून सगळे तिला मायक्रोअँपमावशी म्हणायचे. असल्या सर्किटला चालू होताना एक धक्का लागतो, अडलेल्या गाडीला लागतो तसा. तो देणारा भाग तिने आराखड्यात ठेवलाही होता. "काढा तो, फुकटचा करंट खातोय. सिम्युलेशनमध्ये आपोआप सुरू होतंय की," असं साहेब चहाच्या मशीनपाशी म्हणाले, आणि तिने काढला. पुढे चाचणीत उघड्या सिलिकॉनवर दिव्याचा उजेड पडला, त्यातून जरासा करंट निघाला आणि धक्क्याचं काम भागलं. सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले. डब्यात बंद झाल्यावर मात्र तो उजेड तुटला.

पुढच्या चिपचं प्रमुखपद तिला मिळणार, असं धरूनच चाललं होतं. बैठकीत संचालकांनी विचारलं, तो भाग काढला कुणी?

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "डिझाइन बाईंचं. त्यांच्या कामात मी कधी ढवळाढवळ करत नाही."

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"बोलली का नाहीस?" रात्री नवऱ्याने विचारलं.

"साक्षीला कुणाला उभं करू? चहाच्या मशीनला?"

तिची बदली तपासणी विभागात झाली. प्रमुखपदी साहेबांचा भाचा आला. हुशार होता, नाही असं नाही. फिल्टर कसा जुळवायचा ते तिच्याचकडून समजून घेऊन गेला. तिनेही हातचं राखलं नाही. त्याने धक्क्याचा भाग परत बसवला, बाकी एका रेषेला हात लावला नाही.

नव्या चिपा आल्या त्या दिवशी त्याने दारातून डोकावून सांगितलं, "ताई, मामा केक कापतायत. चला ना."

"एवढा ट्रे होऊ दे."

तिने पुढची चिप चिमट्याने उचलून खाचेत बसवली, झाकण लावलं, वीज दिली. रेघ वर चढली आणि तिने ठरवलं होतं तिथेच वळली. झाकण उघडून चिप तिने पास झालेल्यांत ठेवली, आणि पुढची उचलली.