परत येणाऱ्यांचं गाव

नळीचं टोक अजून ओलं होतं — विहीणबाईंनी ते लिंबाच्या सालीनं पुसलं, वाळल्या भोपळ्याच्या तुंबीतल्या पानांवर गरम पाणी ओतलं आणि तुंबी संजीवनीपुढे धरली. म्हणजे आता त्याच नळीनं प्यायचं! जन्मभर उष्टं-खरकटं पाळलं, आणि इथं परदेशात, मरीन परेडला, अकराव्या मजल्यावर, लेकीच्या बाळंतपणाला येऊन हे... चैत्राली डोळ्यांनीच विनवत होती. संजीवनीनं डोळे मिटून घोट घेतला. कडूजहर! पण पोटात ऊब उतरली, आणि खिडकीबाहेरचा समुद्र, नांगर टाकून उभी असलेली जहाजं, सगळं जरा लांब सरकल्यासारखं झालं.

विहीणबाई, सलमाबाई, अरबीत बोलत होत्या आणि जावई नदीम ते इंग्रजीत सांगत होता. लेबनॉनच्या डोंगरातलं त्यांचं द्रुझ पंथाचं गाव — दोनदा जळलं, दोनदा उभं राहिलं. पोटासाठी आर्जेंटिनाला गेलेले आजोबा परतताना ही कडू पानं घेऊन आले. आणि ज्या वर्षी लढाईत माणसं मेली त्याच वर्षी घरोघरी पाळणे हलले. कारण त्यांच्यात मेलेला माणूस लगेच जन्म घेतो, आणि तोही आपल्याच लोकांत. नदीमचा काका तीन वर्षांचा असताना शेजारच्या अंगणात जाऊन म्हणाला होता, ही विहीर मी खणलीय... आणि त्या घरची म्हातारी त्याला पोटाशी धरून रडत बसली होती. संजीवनीला ते अंगण दिसायला लागलं, दगडी पायऱ्या, अंजिराचं झाड — आपण कधी गेलो होतो का तिथं?

सलमाबाई थांबल्या. चैत्रालीच्या पोटाकडे बघत हळूच काही बोलल्या. नदीमनं उलट तुंबीत पाणी ओतायला घेतलं.

"काय म्हणाल्या?"

"जाऊ दे ना, आई," चैत्राली म्हणाली.

"सांग रे, नदीम."

"ती म्हणते, मी जमातीबाहेर लग्न केलं, म्हणून आमच्यातलं कुणीही या बाळात येणार नाही. गाव त्याला आपलं म्हणणार नाही." तो अडखळला. "ती विचारतेय, तुमच्याकडचं कुणी येईल का?"

कसला हा प्रश्न! असं विचारतं का कुणी? हसून उडवून लावावं म्हणून संजीवनीनं तोंड उघडलं, आणि... श्रीनिवासराव, चैत्रालीचे बाबा. गेल्या श्रावणात गेले, लग्नावरून लेकीशी धरलेला अबोला शेवटपर्यंत न सोडता. तिच्या घराची पायरी चढणार नाही म्हणाले ते नाहीच चढले. आणि आपण तरी कुठं एका शब्दानं त्यांना अडवलं?... समोर सलमाबाई वाट पाहत होत्या, अख्खं गाव परत येणाऱ्यांचं आणि नातवंडापुरतं मात्र कुणी नाही. संजीवनीला त्यांची एकदम माया आली. मनातल्या मनात तिनं विचारूनही टाकलं होतं — अहो, येता का? — आणि आता चैत्रालीच्या पोटाकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं.