लोखंडाचा डाग

अनंताने पोतं पुन्हा अंगणात उपडं केलं. काळे, भुरे, हिरवट दगड मातीत गडगडले. त्याने एकेक उचलून पाहिला आणि टाकून दिला.

"आये, पांढरा दगड बघितलास का गो? मुठीएवढा, सुया फुटल्यावानी. पावसाआधी इथंच भिंतीपाशी ठेवला व्हता."

गुणाबाई भात पाखडत होती. सुपावरून नजर न काढता म्हणाली, "आपल्या वैशाखरे गावात दगड का थोडे हायत? गेला असंल कुठं."

तिचा दीर कमळू ओसरीवर विडी ओढत होता. त्याला आयतं निमित्त मिळालं. आटगावला रेल्वेच्या खडीवर बायाबापड्या दगड फोडतात, त्यांना कुणी पुण्याच्या कॉलेजात धाडलं नव्हतं, असं तो धूर सोडत बोलला. अनंता हसला नाही. भूगर्भशास्त्र म्हणजे काय, ते सुट्टीत येईल तेव्हा त्याने घरच्यांना सांगून पाहिलं होतं. वरच्या दगडावरून जमिनीच्या पोटातलं ओळखायचं. धरणाचा पाया, खाणी, सरकारी पाहणी, सगळीकडे अशी माणसं लागतात. आता महायुद्धामुळे बिहारातल्या अभ्रकाच्या खाणींवर शिकलेली पोरं हवी होती. तिकडचा साहेब सोमवारी कॉलेजात येणार होता. ज्याने त्याने स्वतः शोधलेला दगड त्याच्यापुढे ठेवायचा आणि तो तिथे कसा घडला ते सांगायचं; त्यावरूनच निवड व्हायची. अनंताचा दगड माळशेजच्या कड्यातला होता.

"बिहार लय लांब?" गुणाबाईने विचारलं.

"लांब हाय."

"मंग लावणीला येशील?"

तो पायाने दगड सारखे करत राहिला.

दिवसभर त्याने गोठा, उकिरडा, परसू धुंडाळला. गुणाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. सूप ठेवी, उचली. भाकरी तव्यावर करपली. दगड कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. अनंता कॉलेजला परत गेल्यावर एका सकाळी तो उन्हात असा चमकला, की तिचे हात आपोआप जुळले. शेताच्या बांधावर आंब्याच्या बुंध्याशी तिने तो मांडला, तेलात कालवून शेंदूर लावला आणि नवस बोलली. पोराचं शिकणं पार पडू दे, पण त्याला माझ्याजवळ ठेव.

आता दगड सापडला नाही, तर पोरगा जाणार नव्हता. देव पावलाच होता म्हणायचा. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

उन्हं कलली. अनंता हातोडी बाजूला ठेवून पायरीवर बसला होता. आता तो काहीच शोधत नव्हता. बाप गेला त्या दिवशीही तो असाच बसला होता, एवढासा. गुणाबाई उठली आणि गवत आणते म्हणून बांधाकडे गेली.

"रागावू नको," आंब्याखाली ती एवढंच म्हणाली आणि दगड उचलला. ओढ्यावर राखेने घासला, शिकेकाईने घासला. दोनचार सुया तुटल्या. वरचा शेंदूर निघाला, पण सुयांच्या मुळाशी तांबडं राहिलंच.

"गोठ्यामागं पडला व्हता," तिने तो लेकाच्या हातात दिला.

अनंताने दगड उजेडात धरून फिरवला. नाकाशी नेला. सुयांत तेलाचा वास अडकला होता. कमळूही वाकून बघू लागला.

"ह्ये तांबडं काय रं?"

अनंताने आईकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत होती. तिच्या नखांत तांबडं होतं.

"लोखंड, काका," तो म्हणाला. "दगडात लोखंड असलं, का असा डाग पडतो."

सकाळी त्याने बाकीचे सगळे दगड ओढ्यावर घासून आणले. पांढरा तेवढा घासला नाही; पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. मुरबाडच्या मोटारीला वेळ होता, तरी लवकर निघाला.

तो गेल्यावर गुणाबाई शेंदराची वाटी घेऊन बांधावर गेली. नुसत्या जागेलाच हात जोडावे, असं तिच्या मनात होतं. पण शेंदराचे डाग राहिलेल्या बुंध्याशी जागा मोकळी नव्हती. तिथे एक काळा दगड मांडलेला होता, स्वच्छ घासलेला, अजून ओलसर.

तिने वाटीत बोट बुडवलं. या वेळी काय मागावं, ते तिला लवकर सुचेना.