मशीनचा दोष नाही

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. पण मला म्हातारा म्हणायचं काम नाही! लोखंडाची कांब जबड्यात घट्ट धरून गरागरा फिरवायची आणि हत्याराने तिला हवा तो आकार द्यायचा, हा माझा धंदा. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडातून माझं अंग घडलं आणि तिथून मी थेट या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आलो. माझ्यावर हात बसलेली मुलं मोठमोठ्या कारखान्यांत गेली. मग संगणकावर चालणारी चकचकीत यंत्रं आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. "याला भंगारात काढा," असं जो तो म्हणू लागला. मी कुरकुरलो, पण बंद पडलो नाही.

त्याच वर्षी ती आली. तिला सगळे 'फटाकडी' म्हणत, कारण बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. पण तास सुरू झाला की ही कॅन्टीनमध्ये! परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला मी आलो आणि तिने फिरत्या कांबेत हत्यार इतकं जोरात घुसवलं की त्याचं टोकच उडालं. ती नापास झाली.

तिचे वडील बसचे ड्रायव्हर. ते तिला घेऊन वर्कशॉपच्या सरांकडे आले, कॉलेजातून तिचं नाव काढून घ्यायला.

"पोरीचं काय चुकलं?" माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "असली खटारा गाडी दिली तर मीसुद्धा कुठेतरी ठोकेन!"

माझा जीव टांगणीला लागला. तिने नुसती मान डोलावली असती, तर ती घरी गेली असती आणि मी भंगारात.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मशीनचा दोष नाही. मी तासांना बसलेच नाही."

"मग आता काय उजेड पाडणार आहेस? चल घरी."

"नाव माझं आहे. काढायचं की ठेवायचं, ते मी ठरवणार. मी ठेवतेय."

सर म्हणाले, "वर्ष पुन्हा करावं लागेल, धाकट्या मुलांबरोबर. आणि मी बोलवायला येणार नाही."

"नका येऊ," ती म्हणाली. "मीच येईन."

पहिल्याच दिवशी पोरं ओरडली, "आजी आली, आजी आली!"

"आली ना? मग सरका, जागा द्या," म्हणत ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातांना फोड आले. एकदा तर काम बिघडलं म्हणून चिडून ती दारापर्यंत गेली. तिथे जरा वेळ घुटमळली, नाक पुसलं आणि परत येऊन नवी कांब लावली. वर्षअखेरीस ती पास झाली. पहिली वगैरे नाही आली; पण परीक्षेत माझ्यावर घडवलेला तो तुकडा तिचा स्वतःचा होता, आरशासारखा गुळगुळीत.

मित्रांनो, काम झालं की माझ्या अंगावरचा लोखंडाचा कीस झाडा, तेल द्या, एवढंच माझं मागणं. मी चार बोल्टांनी जमिनीला जखडलेला आहे. तुम्हाला घरातून ओढून आणायला मी येऊ शकत नाही. आणि खरं सांगू? पाय असते, तरी आलो नसतो!